दुसऱ्याच्या खिशातली डबी

आमच्या लाकूड डेपोच्या फाटकावर एक लोखंडी पेटी होती. आत येणाऱ्या प्रत्येकाने खिशातली आगपेटी आणि विड्या त्या पेटीत ठेवायच्या आणि जाताना आठवणीने परत घ्यायच्या, असा नियम होता. आत सागवानाच्या थप्प्या रचलेल्या असत आणि उन्हाळ्यात त्यांच्या पायाशी वाळलेल्या सालींचा खच पडे. एक ठिणगी पुरेशी होती. नियम योग्यच होता आणि तो कसोशीने पाळला जाई. मात्र त्याचा एक परिणाम नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा. जिथे विडी ओढता येत नाही, तिथे माणसे तंबाखू खाऊ लागतात.

मी ओंडक्यांची लांबी आणि गोलाई मोजण्याच्या कामावर तिथे रुजू झालो, तेव्हा मला कसलेही व्यसन नव्हते. पहिला उन्हाळा संपता संपता माझ्याही खिशात दोन तोंडांची पितळी डबी आली होती. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. गडचिरोली वेगळा जिल्हा झाल्यानंतरची ती पहिली काही वर्षे. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्या दिवसांकडे पाहताना मला स्वतःची कीव येते, आणि त्याहून अधिक कृतज्ञता वाटते. ती कुणाविषयी, हे सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

आमच्या भागात तंबाखू हा नुसता पदार्थ नव्हता, ती बोलण्याची सुरुवात होती. फाटकावर कुणी ‘राम राम’ म्हणत येई, कुणी ‘जोहार’, आम्ही ‘जय भीम’ म्हणत असू. नमस्कार तीन, पण पुढचा शब्द सगळ्यांचा एकच. “काढा तंबाखू.” मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही, ही तिथली रीत होती. भांडण झालेली माणसेदेखील एकमेकांना तंबाखू नाकारत नसत. पुष्कळदा तिथेच भांडण मिटे. मला या रीतीचे अप्रूप वाटण्याचे आणखी एक कारण होते. ज्यांना आमच्या घरचे पाणी चालत नसे, त्यांना माझ्या तळहातावर मळलेली तंबाखू चालत असे. ती चिमूट उचलण्यासाठी माझ्या हाताला स्पर्श करताना ते कचरत नसत. तरुण वयात या गोष्टीने माझ्या मनाला फार गोड फसवले. आपल्याला आत घेतले गेले आहे, असे मला वाटू लागले.

त्या फसवणुकीची किंमत काही वर्षांनी कळली, ती जेवणाच्या पाटावर.

“घास लहान काऊन घेऊन राह्यले तुमी?” पत्नीने विचारले.

मी म्हणालो, भात गरम आहे.

“भात त कवाचा निवला.” तिने वाटी खाली ठेवली. “वरनात मिरची नाई टाकली, तरी तुमाले तिखट लागते. घास घेता चिमनीवानी. मले सांगता काय झालं ते?”

झाले होते ते असे की, माझे तोंड पूर्वीसारखे उघडत नव्हते. हे मला कधीपासून ठाऊक होते. ते कुणाला दिसते आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. पौर्णिमेला विहारात वंदना म्हणण्याचे काम माझ्याकडे असे. विहाराच्या कुंपणाबाहेर थुंकून, चूळ भरून मी आत जाई आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे पाचवे शील सर्वांच्या पुढे होऊन म्हणत असे. तंबाखू त्यात येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. अलीकडे मात्र ते शब्द उच्चारताना जबडा ताणल्यासारखा होई, आणि कुणी बारकाईने पाहू नये म्हणून मी मान खाली घालत असे. लोकांना ती नम्रता वाटे.

पत्नीच्या आग्रहाने चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले. बोटे एकावर एक धरून आत घालून पाहिली. दोन कशीबशी मावली. मग विजेरी धरून खालच्या ओठाच्या आतली जागा, जिथे मी तंबाखूचा बार भरत असे, ती पुष्कळ वेळ पाहिली.

“इथे पांढरा डाग आहे,” ते म्हणाले. “आज तो फक्त डाग आहे. उद्या त्याचे काय होईल, ते मी सांगू शकत नाही. तंबाखू बंद करा आणि होळी झाली की दाखवायला या. डाग फिका पडत असला तर आपण वाट पाहू. वाढला असला तर तुकडा काढून तपासावा लागेल, आणि मग पुढचे माझ्याही हातात राहणार नाही.”

“कमी करतो,” मी म्हणालो.

“कमी नाही. बंद.”

दिवाळी नुकतीच झाली होती. होळीपर्यंत मला त्या डागात काहीतरी फरक दाखवायचा होता. घरी येताना मी डबी गावाबाहेरच्या तळ्यात, आमच्याकडच्या भाषेत बोडीत, फेकली आणि दुसऱ्या दिवशी, कामावर पोहोचण्याआधीच, दुसरी विकत घेतली. पत्नीला मात्र सुटल्याचे सांगितले. ती भात अधिक मऊ शिजवू लागली. त्या मऊ भाताने मला जितके लाजवले, तितके कुणाच्या बोलण्याने लाजवले नसते.

शेवटी मी ही गोष्ट आमच्या चौकीदारांना सांगितली. ते चिमूरकडचे, शेतकरी घरातले. माझ्याहून बरेच मोठे. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. त्यांच्याएवढी तंबाखू डेपोत कुणी खात नव्हते. त्यांनी ऐकून घेतले, तळहातावर मळत असलेली चिमूट कागदात बांधून ठेवली आणि म्हणाले, “मंग मलेबी सोडाव लागते, बाबू.”

“तुम्हाला कशासाठी, भाऊ?”

“तुमी मागाल, अन् माह्यापाशी राहीन, त मी देईन. नाई म्हनता येत नाई मले. मंग काय कामाचं?”

फाटकासमोर चहाची टपरी चालवणारी बाई हे ऐकत होती. ती दातांना गुडाखू लावत असे, म्हणजे गुळात कालवलेली काळी तंबाखू. दिवसातून कितीदा, ते तिचे तिलाच ठाऊक. ती हसून म्हणाली, “हे दोघं सोडतेत म्हने! सांजपर्यंत पाहा. एक इकडून येईन, एक तिकडून, अन् माह्या टपरीमागं भेटतीन.”

“तू सोडून दाखव ना मंग,” भाऊ म्हणाले.

“मी काऊन सोडू? माह्ये दात दुखतेत.”

“दात त त्याच्यानंच दुखून राह्यले.”

ती कपबशा विसळू लागली. थोड्या वेळाने तिने गुडाखूची डबी आणून भाऊंच्या पुढ्यात आदळली. “घ्या. पन मी पैली नाई मागनार.”

चौथा माणूस बंडीवाला होता. सूरजागडच्या डोंगरांकडच्या एका गावचा हा गोंड माणूस रेडे जुंपलेल्या बंडीतून आमच्याकडे लाकूड आणत असे. मराठी तो मोजकीच बोले. आमचा बेत ऐकून तो चिंतेत पडला.

“तुमी सगळे सोडान, त मी कोनाले मागू?” तो म्हणाला.

आम्ही खूप हसलो. पण त्याचे म्हणणे खरे होते. तंबाखू एकट्याने खाण्याची वस्तूच नव्हती. त्यानेही आपली डबी काढून दिली.

आता या डब्यांचे काय करायचे? फेकून उपयोग नाही, हे मला बोडीने शिकवले होते. आगपेट्यांचे जे करतो तेच करू, असे सर्वांना वाटले. डेपोतल्या माणसांना दुसरे काय सुचणार? जप्त करण्याची वस्तू म्हटली की ती लोखंडी पेटी. चारही डब्या आम्ही मोठ्या विश्वासाने तिच्यात ठेवल्या आणि पेटीची किल्ली नेहमीप्रमाणे चौकीदार भाऊंच्या करदोट्याला राहिली.

चार-सहा दिवसांतच पेटीतली आपली डबी हलकी झाल्याचे चहावालीच्या लक्षात आले. भाऊंनी आपल्या डबीला हात लावला नव्हता. त्यांनी आमच्या तिघांच्या डब्यांतून थोडी-थोडी खाल्ली होती. गुडाखूसुद्धा सोडली नव्हती.

“माही डबी तशीच हाये ना!” ते ओशाळून म्हणत राहिले. “माही मी सोडली. पाहा ना उघडून!”

चहावाली हसून हसून टेकली. मला मात्र त्यांच्या चेहऱ्यात माझाच चेहरा दिसला. पाचव्या शिलाची मी घातलेली समजूत याहून काय वेगळी होती?

त्या फजितीतून आमचा खरा नियम निघाला. प्रत्येकाची डबी दुसऱ्याच्या खिशात राहील. माझी बंडीवाल्याकडे, त्याची चहावालीकडे, तिची चौकीदार भाऊंकडे आणि भाऊंची माझ्याकडे. ज्याला तलफ येईल त्याने आपली डबी सांभाळणाऱ्याकडे जाऊन तोंडाने मागायची. सांभाळणाऱ्याने नाही म्हणायचे नाही. ती रीत मोडणे आमच्यापैकी कुणालाच जमले नसते. त्याने एवढेच म्हणायचे, “बसा जरासे.” मग दोघांनी बसायचे. त्यानंतरही मागितली तर द्यायची.

तलफ किती लहान असते, हे मला त्या बसण्याने कळले. एकटा असताना ती डोंगराएवढी वाटे. कुणाशेजारी ओंडक्यावर बसून रेड्याच्या पायाला झालेल्या जखमेविषयी बोलत असता ती कधी उठून जाई, ते समजतही नसे. चहावाली भाजलेली मोहफुले आणि जवस एका पुडीत बांधून ठेवी. मागणाऱ्याच्या हातावर आधी तेच पडे. मला ते चावायला कठीण जाते हे पाहून ती माझ्यासाठी मोह कुटून ठेवू लागली.

“तुमच्यासाठी बाळगुटी केली, बाबू,” ती म्हणे. “आ करा.”

आणि मी, सरकारी कर्मचारी, जमेल तेवढा आ करत असे.

माघात मोठा लिलाव झाला. त्या दिवशी बंडीवाला जंगलात होता. म्हणजे माझी डबीही जंगलात होती. भर दुपारी एका ठेकेदाराने सर्वांसमोर माझे माप खोटे ठरवले. थप्पी मोडून ओंडके पुन्हा मोजले गेले. माझे माप बरोबर निघाले. ठेकेदार हसला आणि पुढच्या थप्पीकडे वळला. मी मात्र तसाच उभा राहिलो.

मी थप्पीमागे गेलो. मला बंडीवाला हवा होता, त्याचे “बसा जरासे” हवे होते. खिशात हात घातला तर तिथे भाऊंची डबी होती. एवढे दिवस ती तिथे होती आणि मला तिची आठवण कधी झाली नव्हती. मी ती उघडली. चिमूट मळली. ओठाखाली, त्या डागावरच, ठेवली.

तेवढ्यात भाऊ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. लिलावाला आलेल्या कुणा माणसाने विड्या पेटीत टाकायला नकार देऊन त्यांना फाटकावरचा कुत्रा म्हटले होते, हे मला मागाहून कळले. ते सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पसरला.

“बाबू, माही डबी द्या.”

डबी माझ्या हातात उघडी होती. मला “बसा जरासे” म्हणायचे होते, पण तोंड भरलेले होते. त्यांनी डबीकडे पाहिले, माझ्या ओठाकडे पाहिले. आता ते काय म्हणतील, याची मी वाट पाहिली. शिवी आली असती तर बरे वाटले असते.

“थुका, बाबू,” ते हळू आवाजात म्हणाले. “मंग बोलू.”

मी थुंकलो. त्यांनी फाटकाच्या खोलीतून आपला पाण्याचा लोटा आणला. वरून ओंजळीत पाणी घालतील म्हणून मी सवयीने वाकून हात पुढे केले. पण त्यांनी लोटाच माझ्या हातात दिला. मी चूळ भरली, पुन्हा भरली, दोन घोट प्यालो. त्यांनी लोटा परत घेतला आणि उरलेले पाणी स्वतः प्याले. मग माझ्याशेजारी ओंडक्यावर बसले.

“तुमी म्हनाचं ते मीच म्हनतो,” ते म्हणाले. “बसा जरासे.”

आम्ही बसलो. पलीकडे बोली पुकारली जात होती. बऱ्याच वेळाने त्यांनी डबी झाकण लावून बंद केली आणि स्वतःच्या खिशात ठेवण्याऐवजी माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली.

“भाऊ, माझ्याकडे ठेवू नका. पाहिले ना तुम्ही?”

“मी नाई खाल्ली काय पेटीतली? तवा तुमी काय केलं? नवीन नियम केला, पन मले काढलं काय?” ते उठले. “राहू द्या तुमच्याचपाशी. माह्यापाशी राह्यली, त आता खातो मी.”

तंबाखूच्या निमित्ताने आपल्याला आत घेतले गेले, असे मी इतकी वर्षे समजत होतो. त्या दुपारी लोट्याच्या काठाला लागलेल्या पाण्याकडे पाहताना जे वाटले, त्याच्यापुढे ते सगळे किती उथळ होते! आणि हे घडायला मला तंबाखू थुंकावी लागली होती.

एवढे होऊनही मी सुधारलो, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या एका चिमटीने जिभेला जुनी ओळख पटली. महाशिवरात्रीच्या सुमारास बंडीवाला घरी गेला आणि अवकाळी पावसाने नाले भरल्यामुळे लवकर परतला नाही. मी त्याची वाट पाहत होतो, ती त्याच्यासाठी नव्हे. तो आला की डबी मागायची, बसायचे आणि नंतर पुन्हा मागायची, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. नियमाप्रमाणे त्याला द्यावीच लागली असती. नियम न मोडता हरण्याची वाट मी शोधून ठेवली होती.

एका सकाळी त्याची बंडी फाटकावर आली. मी पुढे गेलो. मी काही बोलण्याआधीच त्याने कमरेची पिशवी सोडली आणि डबी काढली. ती घासून लखलखीत केलेली होती.

“बाबू, गलती झाली,” तो म्हणाला. “नाल्यात बंडी बुडाली, पिशवी ओली झाली. तुमची तंबाखू सडली.”

“जाऊ दे,” मी म्हणालो.

“नाई, नाई. नवीन भरली मी. बाजारात जाऊन. चुनाबी ताजा हाये.” त्याने झाकण उघडून दाखवले. वास माझ्या नाकात शिरला. “अमानत होती ना तुमची.”

भाऊ आणि चहावाली जवळ येऊन उभे राहिले होते. चहावालीने कपाळावर हात मारला. “अरे येड्या! तंबाखू सोडाले बसलो आपन, अन् तू विकत आनून देतं?”

त्याला त्यातला विनोद कळला नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना खराब झाली, तर ती भरून द्यायची. यात हसण्यासारखे काय होते?

“तुला दुकानदाराने चाखायला दिली असेल,” मी म्हणालो. “तिथे उभा राहून तू खाल्ली नाहीस?”

“देत होता त्यो. मनबी झालं.” तो थोडा लाजला. “पन माही डबी बाईपाशी, अन् बाई इथी. मागू कोनाले? मंग दुकानापुढंच बसलो जरासा. एकलाच.”

एकटाच बसला. त्या गजबजलेल्या बाजारात, हातात माझी भरलेली डबी घेऊन, स्वतःलाच “बसा जरासे” म्हणून. माझ्या खिशात भाऊंची डबी होती, जिला मी हात लावला होता. त्याच्या हातात माझी होती, जिला त्याने लावला नव्हता.

तो डबी पुढे करून उभा होता. “मागता काय?” त्याने सरळपणे विचारले. मी मागितली असती तर त्याने दिली असती, आणि त्याच्या मनात माझ्याविषयी काहीही वाईट आले नसते. त्याच्या त्या सरळपणाने माझी शोधून ठेवलेली वाट बंद करून टाकली.

“नाही,” मी म्हणालो. “ठेव तुझ्यापाशीच. आणि बस जरासा. मला तुझ्याशेजारी बसू दे.”

होळी झाल्यावर चंद्रपूरला गेलो. या वेळी पत्नीही आली. डॉक्टरांनी विजेरी धरली, ओठ खाली ओढला, पुष्कळ वेळ पाहिले.

“फिका पडलाय,” ते म्हणाले. “आता तुकडा काढण्याची गरज दिसत नाही. मात्र दाखवत राहायचे. आणि तोंड पूर्वीइतके उघडेल, या आशेवर राहू नका.”

तसेच झाले. डाग पुढे नाहीसा झाला. तोंड आजही पूर्ण उघडत नाही. घास मी अजून लहानच घेतो. पौर्णिमेला पाचवे शील म्हणताना जबडा ताणतो, आणि आता मी मान खाली घालत नाही. चहावालीने मध्यंतरी एका उन्हाळ्यात पुन्हा गुडाखू धरली, चारचौघांत सांगून धरली आणि चारचौघांत सांगूनच सोडली. बंडीवाल्याने माझी डबी कित्येक वर्षे सांभाळली. शेवटी मीच तिच्यातली तंबाखू त्याच्यासमोर चुलीत टाकली, आणि रिकामी डबी त्याने सुया ठेवायला मागून घेतली.

भाऊ निवृत्त झाले, तेव्हा त्यांची ट्रंक बसच्या टपावर चढवून मी खिडकीपाशी गेलो. त्यांची डबी माझ्या खिशात होती. आतला चुना केव्हाच दगड झाला होता. गाडी सुरू झाली. मी डबी काढून त्यांच्यापुढे धरली.

“भाऊ, ही तुमची राहिली.”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग माझी मूठ दोन्ही हातांनी मिटवली आणि खिडकीबाहेर ढकलली.

“मी मागितली काय, बाबू?”